तिसरा ढीग

चिंचवडच्या रस्त्याला एक काचेचा कारखाना होता. तो मी बांधला. हसू नका. विटा गवंड्यांनी रचल्या, नकाशे पुण्याच्या इंजिनिअरांनी काढले आणि फीत टोपीवाल्या पाहुण्यांनी कापली, हे सगळं खरं. पण वाळू, खडी, सिमेंट आणि पाणी जमिनीवरून वर गेलं ते माझ्या डोक्यावरून. पन्नास ते साठच्या मधली ती वर्षं. मी वाहिलेली वाळू परत नदीत ओतली असती तर पवनेला उलटं वाहावं लागलं असतं. धुराडं बांधताना तर मी घमेलं घेऊन इतकी उंच चढायचे, की उजव्या हाताला देहूच्या देवळाचा कळस दिसायचा आणि डाव्या हाताला माझं रावेतचं माहेर. आईनं चुलीवर कालवण कसलं ठेवलंय ते मला वरूनच कळायचं.

माझी नातसून म्हणते, आजी, किती थापा मारता. मी थापा मारत नाही. मी फक्त खऱ्याला फोडणी देते. ही फोडणी द्यायची सवय मला कुठे लागली, तेच सांगायला बसले आहे. ती मला कंपनीच्या वेळेत, कंपनीच्या पगारावर लागली, आणि त्या सवयीवर पाच बायकांच्या चुली पेटल्या.

तर ते धुराडं. त्याच्यातून पहिल्यांदा धूर निघाला त्या दिवशी मुकादमानं आम्हा बिगारी बायकांना गोळा केलं आणि म्हणाला, "बायांनो, उद्यापासून येऊ नका. कारखाना सुरू झाला."

सुरू झाला म्हणून येऊ नका! लग्न लागलं म्हणून नवरीला मांडवाबाहेर काढल्यासारखं झालं. गावातले गडी आत गेले. आमच्या घरधन्यालाही भट्टीवर घेतलं. आम्ही बायका फाटकाच्या बाहेर. ज्या भिंतीची वीट न् वीट मला ओळखत होती, तिच्या पलीकडे जायला मला वॉचमन अडवणार! आणि तो वॉचमन कोण, तर ज्याला काल मी पाण्याचा तांब्या दिला होता तोच.

मी घरी आले आणि चुंबळ खुंटीला टांगली. चुंबळ म्हणजे जुन्या लुगड्याचं पिळून केलेलं कडं. ते डोक्यावर ठेवायचं, त्याच्यावर घमेलं. माझी चुंबळ सासूबाईंच्या हिरव्या लुगड्याची होती आणि तीन वर्षांत दगडासारखी घट्ट झाली होती. डोक्याला मध्यभागी एक टक्कल पडलं होतं, अगदी तिच्या मापाचं. ते मी अंबाड्यात लपवायचे.

"आत्याबाई," मी सासूबाईंना म्हटलं, "आता ही चुंबळ मी डोक्यावर घ्यायची न्हाई. कामाला जाईन तर त्या भिंतीच्या आत."

आत्याबाई चुलीपुढं भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आत जाऊन काय करशील? बाटल्या फुगवशील?"

"काय बी करीन."

"कर. पन चुंबळ चुलीत घालू नगंस. पुढं खडकीपातुर रस्त्याचं काम निघतंय म्हनत्यात. लागंल."

त्या दिवसापासून ती चुंबळ खुंटीवरून माझ्याकडे बघत बसली. भाकरी खाताना बघायची, केस विंचरताना बघायची. सावकाराचा माणूस ओसरीवर येऊन बसावा तशी.

आता आत्याबाईंविषयी सांगते, कारण पुढचं सगळं त्यांच्या डोळ्यांनी घडवलं. माझ्या सासूसारखी नजर पुन्हा झाली नाही. त्या काळी तांदळात अर्धे तांदूळ आणि अर्धे खडे असायचे. आत्याबाई सूप घेऊन बसल्या, की खडे आपण होऊन काठाला येऊन उभे राहायचे. पोत्यातल्या किड्याच्या मिशा त्या अंगणातून मोजायच्या. पिंपळे गुरवला एका लग्नात पंगतीत बसल्या असताना समोरच्या ओळीतल्या व्याह्याला त्यांनी ओरडून सांगितलं होतं, "पावनं, पुढच्या घासाला जपून!" आणि त्या घासाला खडा निघाला. व्याही पुढे जन्मभर त्यांना वाकून नमस्कार करायचे, आणि जेवताना त्यांच्या समोर बसायचे.

कारखान्यात कँटीन सुरू झालं तेव्हा तिथला तांदूळ निवडायचं काम आत्याबाईंना मिळालं. आत नाही, बाहेरच, कंपाउंडला लागून एक बाभूळ होती तिच्या सावलीत. आणि आत काय चाललं होतं? आत औषधाच्या बाटल्या निघत होत्या, आणि निघाल्या तशा परत येत होत्या. काचेत कधी कधी वाळूचा न वितळलेला कण राहतो. त्याला तिथेही खडाच म्हणत. कधी बुडबुडा राहतो, कधी केसासारखा तडा जातो. अशा बाटल्या बाजूला काढायला आठ गडी बसवले होते. ते एका बाटलीकडे बघायचे, दुसरीकडे बघायचे, तिसरीला जांभई द्यायचे आणि चौथीनंतर बिडी ओढायला जायचे. औषधवाले गिऱ्हाईक गाड्याच्या गाड्या माल परत पाठवत होते.

एक दिवस मोठे साहेब स्वतः बाभळीखाली आले. टकलावर ऊन चमकत होतं. म्हणाले, "बाई, आठ दिवस मी कँटीनचा भात खातोय. एकही खडा लागला नाही. तुम्ही निवडता?"

"व्हय," आत्याबाई म्हणाल्या. "आनि सायब, तुमच्या भट्टीची काच उडती का वं? परवा तांदळात हे घावलं." त्यांनी पदराची गाठ सोडली आणि काहीतरी साहेबांच्या तळव्यावर ठेवलं. साहेबांना तळवाच दिसला. त्यांनी खिशातून भिंग काढलं, तेव्हा कुठे मोहरीच्या चौथ्या हिश्श्याएवढा काचेचा कण सापडला.

साहेबांनी भिंग खिशात टाकलं आणि म्हणाले, "बाटल्या तपासाल?"

"माझं गुडघं गेलं आता. पर सून हाय घरात. डोळं माझेच हायती तिचे. सहा वरसं माझ्या सुपापुढं बसवलीय."

अशी मी आत गेले. माझ्यासारख्याच आणखी चार बिगारी बायका बरोबर. त्यातली एक कोकणातली होती. नवऱ्याच्या मागे रत्नागिरीकडून आलेली, अंगानं काडी, पण बोलायला लागली की समुद्राची गाज. साहेबांनी सांगितलं, "महिनाभर बघू. जमलं तर कायम. नाही तर..." पुढचं बोलले नाहीत. बोलायला नकोच होतं. पुढचं माझ्या घरात खुंटीला टांगलेलं होतं.

आमच्यावर एक सुपरवायझर नेमले. पुण्याचे, तरणे, विजारीची इस्त्री अशी की तिच्या घडीवर कांदा चिरावा. त्यांनी पहिल्याच दिवशी नियम सांगितले. स्टुलावर बसायचं. एका ओळीत, तोंड समोर. समोर पांढऱ्या काचेची पेटी, तिच्या आत दिवा. बाटली त्या उजेडापुढे धरायची, फिरवायची, चांगली उजवीकडे, खराब डावीकडे. आणि बोलायचं नाही.

"म्हणजे अजिबात?" मी विचारलं.

"हा होता तो शेवटचा प्रश्न," ते म्हणाले.

पहिला आठवडा आम्ही देवळातल्या मूर्तींसारख्या बसलो. स्टुलावरून पाय लोंबकळत होते, त्यांना मुंग्या यायच्या. डोळे उघडे होते, पण त्यांच्या आतलं माणूस झोपलेलं. शनिवारी सुपरवायझरांनी आमच्या चांगल्या बाटल्या पुन्हा तपासल्या आणि त्यात खडेच खडे निघाले. गड्यांपेक्षाही जास्त! ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. नुसतं म्हणाले, "तीन आठवडे राहिले, बाई."

त्या संध्याकाळी मी घरी आले ते खुंटीकडे पाठ करूनच बसले. आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "निवडायला कशा बसता गं तिथं?"

मी दाखवलं. ताठ, समोर बघत, तोंड मिटून.

आत्याबाईंनी कपाळावर हात मारला. "अगं, अशी मानसं फोटू काढायला बसत्यात! तांदूळ निवडाय बसल्यावर आपन गप बसतो व्हय? आख्ख्या गावाची उनीदुनी काढतो. कुनाची म्हस व्याली, कुनाची सून रुसली. कान तिकडं गुंतला की डोळा आपलं काम करतो. एकटी बाई गप बसून निवडाय लागली की भातात खडा आलाच म्हनून समज."

सोमवारी मी सुपरवायझरांच्या समोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "साहेब, एक दिवस आमच्या पद्धतीनं बसू द्या."

"म्हणजे कसं?"

"खाली. गोल करून. उजेडाची पेटी मधे जमिनीवर. बाटल्यांचा ट्रे मांडीवर. आणि बोलत."

"नियमात बसत नाही."

"आम्हीपण बसत नाही साहेब त्या स्टुलांवर. नुसत्या टांगलेल्या असतो."

त्यांनी एक दिवस दिला. मला वाटतं, आम्ही आणखी वाईट आपटू आणि एकदाचं संपेल, अशा हिशोबानंच दिला. आम्ही गोणपाट अंथरलं, एक गुडघा वर घेऊन बसलो, आणि काय झालं माहीत आहे? कुणालाच काही बोलायला सुचेना. आठवडाभर गप्प बसून जिभा गंजल्या होत्या. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. कोकणातली म्हणाली, "सांग गो कायतरी. तुझ्याच तोंडाक लगाम नाय."

मग मी सुरू केलं. म्हटलं, आमच्या माहेरी रावेतला एक म्हैस होती. ती इतकी मोठी, की तिची शेपटी गोठ्यात असायची आणि तोंड चिंचवडच्या डोहात पाणी प्यायचं. तिचं दूध काढायला सकाळी बसलेला गडी संध्याकाळी दुसऱ्या बाजूनं उठायचा. एकदा तिला शिंक आली आणि तळेगावचे पत्रे उडाले. असं मी जे तोंडाला येईल ते सांगत सुटले. बायका हसत होत्या, "हो का गं भवाने", "जा गं खोटारडे" म्हणत होत्या, आणि हात बाटल्या फिरवत होते. चांगली उजवीकडे, खडा डावीकडे. बुडबुडा डावीकडे. मीसुद्धा. म्हैस तिकडे डोहात आणि माझे डोळे इकडे काचेत. एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही.

दुपारी सुपरवायझरांनी आमचा माल तपासला. एकदा तपासला, पुन्हा तपासला. खिडकीशी नेऊन तपासला. एकही खडा नाही. दारापर्यंत गेले, थांबले, आणि पाठमोरेच म्हणाले, "त्या म्हशीचं पुढे काय झालं?"

तेव्हापासून मी रोज गोष्ट सांगायचे. म्हैस संपली की माझे चुलत सासरे, ज्यांच्या मिशीत साळुंकीनं घरटं केलं होतं, आणि सासरे संपले की घोरपड. माझी फेकाफेक ती अशी सुरू झाली. तिच्यामुळे बाटल्या निवडल्या जात होत्या. दोन आठवड्यांत परत येणाऱ्या मालाची गाडी यायची बंद झाली. वॉचमन मला बघून सलाम करायला लागला. मी सलाम घ्यायचे, आणि त्याला पाण्याच्या तांब्याची आठवण मुळीच करून द्यायचे नाही. रोज फक्त एकदा तहान लागली म्हणून सांगायचे.

आणि मग आम्ही ती चूक केली. चूक म्हणजे आमच्या हाडात मुरलेली गोष्ट. तांदूळ निवडणाऱ्या बाईला ती चूक वाटतच नाही.

तुम्ही तांदूळ निवडायला बसलात तर ढीग किती होतात? दोन म्हणाल तर तुम्ही कधी निवडलेच नाहीत. ढीग तीन. धड तांदूळ, खडे, आणि कणी. कणी म्हणजे तुटका दाणा. तो खडा नाही, त्याला टाकवत नाही. तो धड नाही, त्याला पाव्हण्याच्या भातात घालवत नाही. तो सुपाच्या एका कोपऱ्यात जमतो आणि संध्याकाळी निवडणाऱ्या बाईच्या ओच्यात जातो. आजाऱ्याच्या पेजेला, नाहीतर कोंबड्यांना. त्याबद्दल कुणी विचारत नाही, कुणी सांगत नाही. कणी ठेवायला घरच्या कर्त्याची परवानगी लागते असं आमच्या पिढीत तरी मी ऐकलं नव्हतं.

तर पाचही जणींनी, एकमेकींशी एक शब्द न बोलता, बाटल्यांचाही तिसरा ढीग केला. हातात येणारी एखादी बाटली अशी असायची की खडा नाही, बुडबुडा नाही, तडा नाही. खराब म्हणायला काही नाही. पण चांगल्यात ठेवायला हात धजायचा नाही. ती आम्ही वर घेतलेल्या गुडघ्यामागे ठेवायचो, आणि संध्याकाळी खोलीच्या कोपऱ्यातल्या एका खोक्यात. वरून गोणपाट. कणी उघडी ठेवतात का कधी? घरी न्यायचा कुणाचाच विचार नव्हता. पुढे काय करायचं याचाही नव्हता. होतं ते ठेवलं होतं.

महिना भरायला एक दिवस राहिला होता. सुपरवायझर खोकी मोजत होते, आमच्याच बाजूनं रिपोर्ट लिहिण्यासाठी. मोजता मोजता त्यांनी ते गोणपाट उचललं.

माझी गोष्ट अर्ध्यावर होती. साळुंकीची पिल्लं चुलत सासऱ्यांच्या मिशीतून उडायच्या बेतात होती. ती तशीच राहिली.

"हे काय आहे?" सुपरवायझर म्हणाले. त्यांनी एक बाटली उजेडापुढे धरली, दुसरी धरली. "ह्या तर चांगल्या आहेत. हा माल कुणी लपवला?"

"लपवला न्हाई साहेब," मी म्हटलं. "ठेवलाय."

"कुणाला विचारून?"

आता याला काय सांगणार? कोकणातली पुटपुटली, "कणी आसा ती."

"कणी? ही बाटली आहे, बाई! बाटली चांगली असते नाही तर खराब असते. तिसरं काही नसतं!" त्यांचा चेहरा रागापेक्षा दुखावल्यासारखा जास्त दिसत होता. म्हशीची गोष्ट ऐकणारा माणूस होता तो. "तयार माल गोणपाटाखाली. ह्याला कंपनीत चोरी म्हणतात. मला साहेबांना बोलवावंच लागेल."

ते गेले. आम्ही पाच जणी त्या खोलीत उरलो. मला डोळ्यांपुढे खुंटी दिसत होती. नुसतं परत जाणं नव्हतं ते. चोर म्हणून जाणं होतं. गावानं म्हटलं असतं, बायका आत घेतल्या, त्यांनी बाटल्या चोरल्या. मग त्या फाटकातून पुन्हा कुठली बाई आत गेली असती?

मोठे साहेब आले. खोक्याकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं. मला विचारलं, "ह्या खराब आहेत?"

"न्हाई."

"मग चांगल्या आहेत?"

"न्हाई."

"मग काय खोट आहे ह्यांच्यात?"

इथे थाप मारायची संधी होती. दहा कारणं मी उभ्या उभ्या बनवली असती. पण खोटं सांगायचं ते म्हशीबद्दल, निवडलेल्या मालाबद्दल नाही. म्हटलं, "सांगता येत नाही, साहेब. हाताला बरी लागत नाही."

"माका ती एका बाजून हलकी लागता," कोकणातली म्हणाली.

सुपरवायझरांनी बाटली तळहातावर तोलली, दिव्यापुढे धरली, मान हलवली. "काही नाही, साहेब. अगदी बिनडाग आहे."

"माझ्या सासूला बोलवा," मी म्हटलं. "बाभळीखाली हाय."

कंपाउंडच्या बाहेरच्या माझ्या सासूबाई त्या दिवशी पहिल्यांदा आत आल्या, सूप काखोटीला मारून. खोलीत आल्या त्या कुणाकडे न बघता थेट खोक्यापुढे बसल्या. त्यांनी चांगल्या मालातल्या थोड्या बाटल्या आणि खोक्यातल्या थोड्या, अशा सुपात एकत्र ओतायला लावल्या. सुपरवायझरांच्या तोंडून आवाज निघाला, पण साहेबांनी हात वर केला. आत्याबाईंनी डोळे मिटले. डोळे मिटले बरं का! आणि हातानं चाचपत एकेक बाटली डावी-उजवी करत गेल्या. सगळ्या झाल्यावर म्हणाल्या, "ह्या डाव्या हाताच्या आमच्या पोरींनी ठेवल्या त्या. उजव्या हाताच्या धड. बघा."

आता कुठली बाटली कुठली, हे कळणार कसं? मी खाली बसले आणि एकेक उलटी करून बघायला लागले. आणि मला ते दिसलं. बाटल्यांच्या बुडाला इंग्रजी आकडा असतो, ती ज्या साच्यातून निघाली त्याचा. मी चौथी पास होते, पण मराठी चौथी. इंग्रजी आकडे मला वाचता येत नव्हते. पण डाव्या हाताच्या सगळ्या बाटल्यांच्या बुडाला एकच खूण होती. वर आडवी रेघ, खाली तिरकी. कोयत्याच्या पात्यासारखी. उजव्या हाताच्या एकीलाही ती नव्हती.

"साहेब," मी म्हटलं, "ह्या सगळ्या कोयत्याच्या आहेत."

साहेबांनी माझ्या हातातून बाटली घेतली. मग सुपातली दुसरी. मग खोक्यातल्या मूठभर काढल्या. सुपरवायझरही खाली बसले, इस्त्रीच्या विजारीसकट. "सात नंबरचा साचा," ते हळूच म्हणाले. "सगळ्या सात नंबरच्या."

"औषध भरायच्या आधी ह्या बाटल्या उकळतात," साहेब म्हणाले. "कँटीनमधून उकळतं पाणी आणा."

किटली आली. साहेबांनी पहिल्या कोयत्याच्या बाटलीत पाणी ओतलं. काही झालं नाही. दुसरीत ओतलं. काही झालं नाही. सुपरवायझरांनी माझ्याकडे बघितलं, मी आत्याबाईंकडे. आत्याबाई सूप झटकत होत्या, जसं काही त्यांना उशीर होत होता.

तिसरीत ओतलं.

टक्.

बाटलीचं बूड सुटून खाली पडलं. पाणी साहेबांच्या बुटांवर. चौथी, टक्. पाचवी, टक्. सहावी टिकली, सातवी टक्. त्या टकटकीनं भट्टीवरचे गडी काम सोडून धावत आले, त्यात आमचा घरधनीही होता. मग साहेबांनी आम्ही चांगल्या म्हणून काढलेल्या बाटल्यांत तेच पाणी ओतलं. सगळ्या उभ्या राहिल्या, वाफ सोडत.

सात नंबरच्या साच्याचा खालचा भाग एका अंगाला झिजला होता. बूड एका बाजूला पातळ पडत होतं. दिव्यापुढे ते कुणालाच दिसणार नव्हतं.

"मग तुम्ही ह्या खराब ढिगात का नाही टाकल्या?" साहेबांनी विचारलं.

"खराब म्हणायला कारण सापडलं नव्हतं, साहेब. कारण नसताना धडाला खराब कसं म्हणायचं? आणि चांगलं म्हणायची लाज वाटत होती. कुणाच्या तरी पोराचं औषध असणार त्यात."

साहेब एवढंच म्हणाले, "पहिल्या आठवड्यात ह्या किती सोडल्यात?"

तिथे मी मान खाली घातली. पहिल्या आठवड्यात स्टुलावर बसून आम्ही सगळंच सोडलं होतं, कोयता काय आणि विळा काय. खोटं बोलून काय मिळणार होतं? तसं सांगितलं. सुपरवायझर पांढरे पडले, कारण नियम त्यांचे होते. सुदैवानं तो माल अजून गोदामातच होता. पुढचे दोन दिवस आम्ही पाच जणी गोदामात बसून खोक्यांमागून खोकी उलटी करत होतो, आणि बाटल्या देणारे-घेणारे कोण? आमचे सुपरवायझर, बाह्या वर करून. माझ्या चुलत सासऱ्यांच्या मिशीतली साळुंकी उडाली ती तिथे. "पिल्लं किती होती?" त्यांनी विचारलं. "सात," मी म्हटलं. ते तेव्हा पहिल्यांदा हसले.

दोन दिवसांनी साहेबांनी आम्हाला बोलावून सांगितलं, की कायम. आणि आणखी एक सांगितलं. यापुढे ह्या खोलीत तीन ट्रे राहतील. तिसऱ्या ट्रेमधला माल रोज संध्याकाळी त्यांच्या टेबलावर जाईल, मग कारण कळो न कळो. सुपरवायझरांनी त्या ट्रेवर स्वतःच्या हातानं, ऑईलपेंटनं, मोठ्या अक्षरात लिहिलं: कणी. पुढे मुंबईहून पाहुणे कारखाना बघायला यायचे आणि ते नाव वाचून चक्रावायचे. त्यांना समजावून सांगायला मला बोलवत. मी समजावून सांगायचे. म्हशीपासून सुरू करून.

कायम झाले त्या संध्याकाळी मी घरी आले तर आत्याबाई दारातच होत्या. म्हणाल्या, "रस्त्याचं काम निघालंय म्हनं. खडकीपातुर."

"निघू द्या," मी म्हटलं.

"मग ती चुंबळ चुलीत घालू?"

मी खुंटीपाशी गेले. महिनाभरानंतर तिच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. हिरवा रंग कुठे कुठे अजून शिल्लक होता. तीन वर्षांची वाळू तिच्या पिळात होती. ती भिंत, ते धुराडं, त्या गोदामाचा स्लॅब, सगळं तिच्यावरून गेलेलं. आणि तिला एकटीलाच आत जायला मिळालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी ती डब्याबरोबर पदरात गुंडाळून नेली. वॉचमननं विचारलं, "हे काय?" म्हटलं, "माझं सामान." खोलीत गोणपाटावर बसले, गुडघा वर घेतला, दुसऱ्या मांडीवर चुंबळ ठेवली आणि तिच्यावर बाटल्यांचा ट्रे. ट्रे अगदी पक्का बसला. काचेची एक बाटली वाजली नाही. आठ दिवसांत पाचही जणींच्या मांडीवर आपापली चुंबळ आली.

सुपरवायझर आले, बघितलं, आणि विचारलं, "हे नियमात आहे का?"

"न्हाई," मी म्हटलं. "पण हिनं तुमची भिंत बांधलीय, साहेब. बसू द्या तिला जरा आत. तर बायांनो, त्या घोरपडीचं सांगत होते मी..."